शिवबाईंच्या दंडावरचे तीन पट्टे

शिवबाईंचा हात जड आहे, हे बाळीवेशीच्या त्या बोळात सगळ्यांना माहीत होते आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्या पीठ मळू लागल्या की परात फरशीवर सरकत जाई, म्हणून तिच्याखाली ओला फडका घालावा लागे. त्यांनी धुणे आपटले की समोरच्या घरात कळे. नातवाला त्या तेल लावत तेव्हा ते पोर आधी किंचाळे आणि मग थकून झोपी जाई. पण याच हाताखाली थापलेली ज्वारीची भाकरी इतकी पातळ आणि एकसारखी निघे की वाळून कडक झाल्यावर तिला टिचकी मारली तर ती खणखणे. दिवाळीला पुण्याला जाणारी माणसे शिवबाईंच्या भाकरीचे पुडे बरोबर घेतल्याशिवाय सोलापूर सोडत नसत.

नवरा सिद्धलिंगप्पा सूतगिरणीत फिटर होता, तो निवृत्त होऊन घरी बसला होता. मुलगा चिंचोळीच्या कारखान्यात होता आणि तिकडेच बिऱ्हाड करून राहिला होता. घर चालायला भाकरीची गरज होती असे नाही. पण शिवबाईंना भाकरीची गरज होती. बोळातली पहिली चूल आपली पेटली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

चुलीच्याही आधी विभूती. अंघोळ झाली की ओल्या अंगाने देवासमोर बसायचे, गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग विभूतीचा खडा ओला करून तीन बोटांनी कपाळावर, छातीवर, दोन्ही दंडांवर आडव्या रेघा ओढायच्या. बाकीच्या बायका रेघ ओढत, शिवबाई ती घासत. विभूती अंगावर नुसती बसून चालत नाही, ती मुरली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

सिद्धलिंगप्पा म्हणे, "अगं, भांडी घासतात, विभूती लावतात."

"तुम्ही फिटरकी केली तेवढी पुरे. पूजेतलं मला सांगू नका."

अशा या शिवबाईंच्या कोपरावर एके वर्षी उन्हाळ्यात पांढरा डाग आला. आधी चिंचोक्याएवढा होता, पावसाळा संपेपर्यंत कोपरभर झाला. समोर राहणारी सावित्रम्मा नजरेची तीक्ष्ण आणि जिभेची त्याहून. ती दारातूनच म्हणाली, "शिवक्का, कोपराला काय झालं गं?"

"तव्याला लागलं असेल."

"तव्याचं पोळलेलं काळं पडतं. हे तर चुन्यासारखं दिसतंय की."

कोड हा शब्द तिने उच्चारला नाही, पण बोळभर तो पोहोचला. कुणी शिवबाईंना काही बोलले नाही. फक्त भाकरी न्यायला येणारी माणसे कमी होऊ लागली. एकीने सांगितले, घरात आता पोळीच खातात. दुसरीने सांगितले, डॉक्टरने ज्वारी बंद केली आहे.

"सोलापुरात ज्वारी बंद करणारा डॉक्टर?" सिद्धलिंगप्पा म्हणाला. "त्याला म्युझियममध्ये ठेवा."

शिवबाई हसल्या नाहीत. दुपारी त्या रिकाम्या परातीकडे बघत बसत. ज्या हाताचे लोक नाव घेत होते, त्याच हातचे आता लोकांना नको झाले होते, हे त्यांच्या जिवाला लागले. डॉक्टरकडे जायचे त्यांच्या मनातही आले नाही. असल्या रोगाला डॉक्टर काय करणार? त्यांनी आपल्या देवाला गाठले. सकाळी घासायची ती विभूती त्या आता संध्याकाळीही घासू लागल्या, आणि नुसत्या बोटांनी नव्हे, खडाच दंडावर धरून, कातडी लाल होईपर्यंत. कपाळावर तेवढा जोर करवत नसे, डोके दुखे. सगळा जोर दंडांवर.

पुढच्या शिवरात्रीच्या सुमाराची गोष्ट. शिवबाई उन्हात पापड वाळत घालत होत्या. घामाने विभूती ओघळून गेली होती. सावित्रम्मा पापड उलटायला म्हणून आली आणि त्यांच्या दंडाकडे बघतच राहिली.

"शिवक्का, विभूती पूस बघू."

"पुसली गेलीच आहे की घामानं."

"मग हे काय आहे?"

दोन्ही दंडांवर तीन तीन आडवे पट्टे होते, पांढरे स्वच्छ, बोटांच्या रुंदीचे. सावित्रम्माने पदर ओला करून एक पट्टा पुसला. तो गेला नाही. तिने दुसरा पुसला. मग पदर सोडून तिने हात जोडले आणि शिवबाईंच्या पायाशी वाकली.

"अव्वा! विभूती अंगात उतरली गं तुझ्या. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामाची सही आहे ही!"

जी जीभ कोडाची बातमी घेऊन बोळभर फिरली होती, तीच आता ही बातमी घेऊन निघाली. संध्याकाळपर्यंत ओसरीवर बायका जमल्या. कुणी दंडाला हात लावून डोळ्यांना लावला, कुणी लेकराचे डोके त्यांच्या पायावर ठेवले. कोपरावरच्या डागाचा अर्थही बदलला. देवाने आधी तिथे बोट टेकून पाहिले होते म्हणे. भाकरी पुन्हा खपू लागली, पूर्वीपेक्षा जास्त. काही घरांत शिवबाईंच्या पुड्यातली पहिली भाकरी देवापुढे ठेवूनच बाकीच्या ताटात वाढू लागले. ज्वारी बंद झालेल्या बाईचीही ज्वारी सुरू झाली.

"आता माझ्याही पाया पडायला सांग त्यांना," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "देवीचा नवरा आहे मी."

शिवबाईंना ते आवडले, हे लपवण्यात अर्थ नाही. इतके महिने मान खाली घालून काढलेल्या बाईला मान वर करायला मिळाली, तर ती करणारच. सही आहे म्हणतात, असेलही, असे त्यांनी स्वतःला सांगितले आणि विभूती आणखी जोराने घासली.

पण शिवबाईंच्या स्वभावात एक गोष्ट होती, तिच्यासाठीच हे सगळे सांगायचे. त्यांना स्वतःला फार दिवस फसवता येत नसे. एके दिवशी लुगडे बदलताना त्यांना कमरेवर पांढरी रेघ दिसली. परकराची नाडी जिथे करकचून बांधत, अगदी तिथे, कमरेभोवती फिरलेली. गळ्याभोवतीही लिंगाच्या दोऱ्याखाली एक फिकट रेघ उमटू लागली होती. शिवबाई बराच वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, दंडावर विभूती उतरली समजा. कमरेला काय उतरलं?"

"म्हणजे?"

"नाडीच्या जागी पांढरं झालंय. देव सही करायला परकराची नाडी शोधत येईल का?"

दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगप्पाने मुलाला फोन केला, आणि मुलाने होटगी रस्त्यावरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांचे नाव दिले. डॉक्टर सिद्धेश्वरी तरुण होत्या, अक्कलकोटकडच्या. शिवबाईंचे अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलणे त्यांना कुणी उलगडून न सांगताही कळत होते. त्यांनी कोपर पाहिले, दंड पाहिले, कंबर पाहिली, गळा पाहिला.

"मावशी, विभूती कशी लावता? इथं लावून दाखवा."

शिवबाईंनी रिकाम्याच बोटांनी दंडावर घासून दाखवले. डॉक्टरांनी त्यांचा हात मध्येच धरला. "बस, बस. कळलं मला. हे कोड आहे. आणि ते वाढवायला तुम्ही रोज मदत केलीय."

शिवबाईंना राग आला. "विभूतीनं कोड होतं?"

"विभूतीनं नाही. घासण्यानं. ऐका. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. आणि रक्तात पहारेकरी पेशी फिरत असतात. जंतू दिसला की मारायचा, हे त्यांचं काम. कोडात या पहारेकऱ्यांचा गैरसमज होतो. ते आपल्याच रंगाच्या पेशींना चोर समजतात."

"मग रेघेतच का? अंगभर का नाही?"

"पहारेकरी अंगभर फिरतात, पण उतरायचं कुठं, हे त्यांना कातडी सांगते. तुमच्याकडं भाकरी करपली तर काय होतं?"

"सावित्रम्मा येते."

डॉक्टरांना हसू आवरेना. "तिला कुणी बोलावलं?"

"बोलवायला कशाला पाहिजे? वासानं येते की. बोळाच्या तोंडाशी वास हलका, दाराशी दाट. जिकडं दाट तिकडं तिची पावलं."

"मग तुम्हाला अर्धं शास्त्र येतंच आहे. कातडी घासली, खरवडली की तिच्या पेशी फार बारीक रेणू सोडतात. केमोकाइन म्हणतात त्यांना. तो कातडीचा करपल्याचा वास समजा. रक्तातले पहारेकरी त्या वासाचा माग काढत, जिथं तो दाट तिथं उतरतात. निरोगी माणसात येतात, इकडंतिकडं बघतात आणि जातात. तुमच्यात गैरसमज आधीच झालेला. ते येतात आणि रंगाच्या पेशी मारतात. त्या गडबडीत ते स्वतःही रसायनं सोडतात, त्यानं कातडी आणखी हाका मारते, आणखी पहारेकरी येतात. शिवाय काहीजण तिथंच तळ ठोकून बसतात. म्हणून गेलेला डाग कधी कधी त्याच जागी परत येतो."

शिवबाईंनी आपल्या उजव्या हाताची तीन बोटे उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे हाक मीच मारत होते."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

डॉक्टरांनी मलम दिले. कातडीची हाक आणि पहारेकऱ्यांचे तिला उत्तर, यांच्यामधला निरोप हे मलम तोडते, असे त्यांनी सांगितले. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यंत्रातला प्रकाश घ्यायला बोलावले. कोड शिवण्याने लागत नाही आणि भाकरीतून तर नाहीच नाही, हेही त्यांनी सिद्धलिंगप्पाकडे बघून दोनदा सांगितले. परकराला नाडीऐवजी रुंद मऊ पट्टा लावायचा, लिंगाचा दोरा जाऊन तिथे मऊ सुती कापडाची पट्टी.

"आणि विभूती सोडू?" शिवबाईंचा आवाज एवढासा झाला होता.

"सोडू नका. घासू नका." डॉक्टरांनी आपल्या कपाळावरचे केस बाजूला केले. तिथे विभूतीची फिकट, जेमतेम दिसणारी रेघ होती. "मीही लावते की."

जिना उतरताना सिद्धलिंगप्पा एवढेच म्हणाला, "भांडी घासतात..."

"पुढचं बोलू नका," शिवबाई म्हणाल्या.

औषध सुरू झाले, पण बोळात त्यांनी कुणाला सांगितले नाही. सोमवारी ओसरीवर बायका येतच होत्या, वाकतच होत्या. शिवबाई आता विभूती हलकेच टेकवत, पण पट्टे मात्र बायकांना दिसू देत. उद्या सांगू, पुढच्या सोमवारी सांगू, असे चालले. सांगितले की काय होणार, ते त्यांना अनुभवाने माहीत होते. या सहीच्या आधी या बायका त्यांच्या हातचे पाणीही टाळत होत्या. सही पुसली की उरणार तो डागच. पुन्हा रिकामी परात, पुन्हा ज्वारी बंद करणारे डॉक्टर.

असे महिने गेले. एका सकाळी त्यांना पट्ट्यांच्या पांढऱ्यात तपकिरी ठिपके दिसले, नाचणीचे दाणे सांडावेत तसे. डॉक्टर म्हणाल्या होत्याच, केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून रंग असा ठिपक्याठिपक्यांनी परत येतो. शिवबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सिद्धलिंगप्पाला हाका मारून बोलावले. त्याने चष्मा लावून दंड पाहिला.

"सही पुसट व्हायला लागली म्हणायची."

त्या सोमवारी शिवबाईंनी विभूती जरा जाडच लावली. भक्तीने नव्हे, ठिपके झाकायला.

आणि त्याच सोमवारी अंबुबाई आली. मंगळवेढ्याकडची अंबुबाई मेंढरे राखणाऱ्या घरातली. तिच्या कोरडवाहू रानातली मालदांडी ज्वारी शिवबाई वर्षानुवर्षे घेत आल्या होत्या. एरवी तिचा मुलगा टेम्पोतून पोती पाठवत असे. आज ती स्वतः एसटीने आली होती, आणि बरोबर लेक पूनम होती. पूनमचे लग्न ठरले होते. ओसरीवर सावित्रम्मा आणि तिच्या जोडीला आणखी चार बायका बसल्या होत्या.

अंबुबाई पाणीही न पिता म्हणाली, "अक्का, मी ज्वारीसाटी न्हाय आले. पोरीचा हात बगा."

पूनमने हातातल्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. भोवतालची कातडी लाल झाली होती, सोलवटली होती.

"तुमच्या अंगात देव उतरलाय म्हनत्यात. म्या रोज भंडारा घासतीया हिच्या हातावर, पर माझ्या हाताला गुन न्हाय. तुमी एकदा इबूत घासा. चांगली रगडून घासा, रडली तरी सोडू नगा. लगीन तोंडावर आलंय की वो."

"मी न्हाय रडत," पूनम म्हणाली. "लवकर जाऊ दे म्हंजी झालं."

सावित्रम्माने तत्परतेने विभूतीचा खडा आणि पाण्याची वाटी पुढे सरकवली. सगळ्या बायका सरसावून बसल्या. शिवबाईंनी पूनमचे मनगट हातात घेतले. लाल झालेल्या त्या कातडीकडे बघताना त्यांना करपल्याचा वास यावा तसे झाले. आपण आता इथे तीन बोटे नुसती टेकवून मोकळ्या झालो, तरी ही आई घरी जाऊन उद्यापासून देवीच्या नावाने दुप्पट जोराने घासणार. मंगळवेढ्याला आपण नसणार, पण आपला जड हात असणार.

त्यांनी खडा बाजूला ठेवला. फडके भिजवून पिळले आणि आपल्या दंडावरची विभूती टिपून टिपून काढली. मग दंड उजेडाकडे केला.

"अंबुबाई, जवळ या. सावित्रम्मा, तूही ये. पट्ट्यात ठिपके दिसतात का?"

"रंग येतोय जनू," अंबुबाई म्हणाली.

"येतोय. डॉक्टरच्या मलमानं येतोय. हे कोडच आहे. मी विभूती घासघासून त्याला वाट करून दिली. जिथं घासलं तिथं ते आलं, म्हणून पट्टे. कमरेलाही आहे, नाडी काचते तिथं. तिथं कुणी वाकून नमस्कार केला नाही, दिसत नाही म्हणून."

मग सावित्रम्मा म्हणाली, "म्हणजे तू आम्हाला फसवत होतीस?"

"पाया पडा म्हणून मी सांगायला आले नव्हते. पण कळल्यावर थांबवायला पाहिजे होतं, ते थांबवलं नाही. व्हय, फसवत होते."

"माझं डोकं दुखायचं थांबलं होतं की गं तुझ्या पायावर ठेवून!"

"मग ते थांबलेलंच राहू दे. परत सुरू करू नको."

एक बाई फिस्कन हसली. दोघी उठून न बोलता गेल्या. अंबुबाईचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. ती लेकीच्या मनगटाकडे बघत होती.

"म्हंजी म्याच वाढिवलं व्हय?"

"तुम्ही मायेनं घासलं, मी भक्तीनं घासलं. कातडीला ते कळत नाही, अंबुबाई. तिला नुसतं घासलेलं कळतं."

करपलेल्या भाकरीची आणि पहारेकऱ्यांची गोष्ट शिवबाईंनी त्यांना सांगितली, जशी कळली होती तशी, सावित्रम्मा समोर बसलेली असूनही तिचे नाव न गाळता. पूनमला हसू आले. मग एकदम तिचा चेहरा उतरला. "मावशी, मग चुडा? कासार साबण लावून हात दाबून भरतोय. मनगटच खरवडतंय सगळं."

"ते डॉक्टरांना विचारू. उठ, आत्ताच जाऊ."

त्या दोघींना घेऊन शिवबाई होटगी रस्त्याला गेल्या. दंडावर विभूती नव्हती, ठिपके उघडे होते आणि बोळ बघत होता.

पुढे त्यांना वाटले होते तसेच झाले. सगळे नाही, पण बरेचसे. सोमवारची ओसरी ओस पडली. भाकरीचे गिऱ्हाईक पुन्हा आटले. सावित्रम्मा कितीतरी दिवस समोरून मान फिरवून जात होती. मग तिच्याकडे सोलापूरबाहेरचे पाहुणे आले, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"भाकरी आहेत का गं?"

"आहेत. डागाच्या हातच्या आहेत."

"मला माहीत आहे कुणाच्या हातच्या आहेत ते. दुसऱ्या कुणाच्या इतक्या पातळ होत नाहीत, मी बघितल्या करवून. दे लवकर, पाहुणे ताटावर बसलेत."

पूनमने मलम सुरू केले आणि होणाऱ्या नवऱ्याला, बिरुदेवला, स्वतःच फोन करून सगळे सांगितले. तो मेंढरातला गडी. म्हणाला, "आमच्यात ठिपक्याची मेंढी कळपात कधी हरवत न्हाय."

"मला मेंढी म्हनतोस व्हय रं?"

त्यांचे यावर बरेच भांडण झाले आणि लग्न ठरल्या तारखेला ठरले तसेच राहिले.

मंगळवेढ्याला शिवबाई आदल्या दिवशीच पोहोचल्या आणि कासारासमोर ठाण मांडून बसल्या. एक माप मोठ्या बांगड्या, मनगटाला खोबरेल तेल, दाबायचे नाही, ओढायचे नाही. कासार म्हणाला, "मावशी, तुमीच भरा की मग." शिवबाई म्हणाल्या, "माझा हात जड आहे." हिरवा चुडा न खरवडता हातात गेला. डाग अजून होता, पण वाढला नव्हता, आणि लाली पार गेली होती.

लग्नाच्या सकाळी अंबुबाईने भंडाऱ्याचे ताट आणले आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत शिवबाईंपुढे धरले. "अक्का, पहिला भंडारा तुमी लावायचा."

मांडवात कुजबुज झाली. शिवबाईंच्या दंडावरचे पट्टे आता पट्टे राहिले नव्हते. ठिपके वाढून मधेमधे एकमेकांना मिळाले होते आणि पांढऱ्याचे तुटक तुकडे उरले होते. बाही त्यांनी ओढून घेतली नाही. त्यांनी तीन बोटे पुढे केली, थांबल्या, दोन मिटली. उरलेल्या एका बोटाचे टोक भंडाऱ्यात बुडवले आणि पूनमच्या कपाळावर टेकवून उचलले.

पूनम डोळे मिटून वाट बघत होती. थोड्या वेळाने तिने एक डोळा उघडला.

"मावशी, लावा की."

"लावला," शिवबाई म्हणाल्या.